पाव इंच आणि सहा मिलिमीटर

यंत्राची शक्ती वाढवण्याचा विचार मनुष्य करतो तेव्हा त्याची दृष्टी प्रथम मोठ्या भागांकडे जाते. पंप किती दाबाचा, नोझल किती मोठे, अश्वशक्ती कितीने वाढेल, हे प्रश्न उत्साहाने विचारले जातात. द्रव ज्या नळीतून वाहणार आणि ती नळी ज्या सांध्यांनी जोडली जाणार, त्यांचा विचार बहुधा शेवटी होतो, आणि पुष्कळदा उरलेल्या पैशांतून होतो. माझ्या व्यवसायाचा बहुतेक काळ दाबाखालच्या नळ्यांच्या सहवासात गेला; आधी कोल्हापूरच्या उद्यमनगरात, पुढे भोसरीत आणि नंतर आयर्लंडमध्ये. त्या काळात माझे एक मत पक्के होत गेले. निर्मात्याने दिली त्याहून अधिक शक्ती यंत्राला जो देऊ पाहतो, तो निर्मात्याची जबाबदारी स्वतःच्या शिरावर घेतो. आणि त्या जबाबदारीचा मोठा भाग सर्वांत स्वस्त सुट्या भागांत दडलेला असतो.

डब्लिनच्या उत्तरेस, विमानतळाला जवळजवळ लागून असलेल्या स्वोर्ड्स गावात आम्ही राहतो. आमच्याच वसाहतीतल्या एका मराठी कुटुंबातील तरुणाने जुनी, टर्बोची जपानी गाडी घेतली आणि तिच्यात मिथेनॉल इंजेक्शन बसवण्याचे ठरवले. सामान अमेरिकेहून मागवले होते. ते घेऊन तो माझ्याकडे आला तेव्हा पंपाबद्दल त्याला बरेच काही ठाऊक होते. नळ्यांची गुंडाळी मात्र खोक्याच्या तळाशी होती.

“काका, नळी तर किटमध्ये आलीच आहे. तिचं काय बघायचं?”

“किती तापमानाला किती दाब सहन करेल, ते तिच्यावर छापलंय का बघ.”

नळीवर बाहेरचा व्यास आणि पदार्थाचे नाव एवढेच छापलेले होते. तापमानाचा उल्लेख नव्हता.

ज्यांचा या विषयाशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. टर्बो हवा दाबून इंजिनात ढकलतो आणि दाबलेली हवा तापते. अतितप्त हवेत पेट्रोल ठिणगीची ज्वाला पोहोचण्याची वाट न पाहता पेटू लागते. या अकाली स्फोटांना गॅरेजमध्ये ‘नॉकिंग’ म्हणतात, आणि ते वाढले की पिस्टन फुटतात. पाणी व मिथेनॉल यांचे साधारण निम्मेनिम्मे मिश्रण त्या हवेत सूक्ष्म तुषारांच्या रूपाने सोडले, तर त्याच्या बाष्पीभवनाने हवा थंड होते. पेट्रोलाच्या तुलनेत मिथेनॉल वाफ होताना तिपटीहून अधिक उष्णता शोषते आणि पाणी सहापटीहून अधिक. इंजिन थंड राहिले की दाब वाढवता येतो, ठिणगी थोडी अलीकडे आणता येते, शक्ती वाढते. सारे तत्त्व एवढेच आहे.

तत्त्व जुने आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मन लढाऊ विमानांत ‘एमडब्ल्यू 50’ नावाचे मिश्रण वापरत. त्यात मिथेनॉल 50 टक्के, पाणी 49.5 टक्के, आणि उरलेला अर्धा टक्का गंजरोधक तेलाचा असे. या अर्ध्या टक्क्याकडे मी नेहमी आदराने पाहतो. ज्या विमानांचे आयुष्य काही आठवड्यांचेही ठरेल याची शाश्वती नव्हती, त्यांच्या टाक्या आणि नळ्या पोखरल्या जाऊ नयेत याचा विचार युद्धाच्या धामधुमीतही कोणीतरी केला होता. त्यांनी ज्या कार्यासाठी हे कौशल्य राबवले त्याचे समर्थन कोणीही करणार नाही. मिथेनॉलचा स्वभाव मात्र त्यांनी ओळखला होता.

हा स्वभाव समजून घेतल्याशिवाय नळी निवडता येत नाही. उघडे ॲल्युमिनियम, जस्त आणि मॅग्नेशियम यांना मिथेनॉल खाते. ॲल्युमिनियमच्या सांध्यात पांढरा चिकट साका धरतो आणि तो वाहत जाऊन नोझलच्या सूक्ष्म छिद्रात बसतो. मिथेनॉलवर धावणाऱ्या शर्यतीच्या गाड्यांचे जाणते मेकॅनिक शर्यत संपली की इंधनाचा संपूर्ण मार्ग धुऊन काढतात, तो याच कारणाने. स्टेनलेस स्टील मिथेनॉलला दाद देत नाही. निकेलचा मुलामा दिलेले पितळही पुष्कळ काळ टिकते. येथे समुद्र जवळ आहे, आणि हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात; रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत लोखंडाचे काय होते हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना गाडीखाली बसवायच्या सांध्यासाठी स्टेनलेसचा आग्रह का धरावा, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

धातूपेक्षा रबराचा प्रश्न अधिक सूक्ष्म आहे. व्हायटॉन हे पेट्रोलाच्या सहवासात उत्तम टिकणारे रबर म्हणून प्रसिद्ध, म्हणून महाग; पण त्याचे सर्वसाधारण प्रकार मिथेनॉलमध्ये फुगतात. उलट ईपीडीएम पेट्रोलात फुगून निकामी होते आणि मिथेनॉलला मात्र वर्षानुवर्षे निभावते. पॉलियुरेथेनची नळी मऊ, लवचिक, हाताळायला सुखद. कारखान्यांत हवेसाठी ती सर्रास वापरतात आणि म्हणून दुकानात सहज मिळते. मिथेनॉलपुढे ती टिकत नाही. अधिक पैसे मोजून अधिक ‘चांगली’ वस्तू घेतली की कर्तव्य संपले, ही आपली नेहमीची समजूत येथे चालत नाही. कशाच्या संगतीत कोण टिकेल हे पाहावे लागते, आणि ते किमतीवरून कळत नाही.

शिवाय जे टिकायला हवे ते डोळ्यांना दिसतही नाही. दाबून बसवण्याच्या फिटिंगचे बाह्यांग निकेलच्या मुलाम्याने चकचकते. आत द्रव अडवून धरणारी रबराची एक बारीक ओ-रिंग असते. ती नायट्राइलची आहे, व्हायटॉनची की ईपीडीएमची, हे बाहेरून समजत नाही. विक्रेत्याला विचारावे लागते, त्याला ठाऊक नसेल तर उत्पादकाचा तक्ता पाहावा लागतो, तक्ता नसेल तर ती वस्तू सोडून द्यावी लागते. या तरुणाने दोन विक्रेत्यांना लिहिले. एकाने उत्तर पाठवले. दुसऱ्याने फिटिंग ‘उत्तम दर्जाचे’ असल्याची ग्वाही दिली. ज्याने रबराचे नाव सांगितले त्याच्याकडूनच माल घ्यावा, असे मी सुचवले.

आता दाबाचे. या यंत्रणेतला पंप साधारण 10 ते 15 बार दाब निर्माण करतो. स्वयंपाकघरातला कुकर शिट्टी देतो तेव्हा आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा सुमारे एका बारने जास्त असतो. त्याच्या दहापट दाब पेन्सिलीहून बारीक नळीत कोंडायचा आहे. थंड असताना नायलॉनची चांगली नळी तो सहज पेलते. पण नायलॉन तापले की त्याचे बळ उतरते, आणि 80 अंश सेल्सियसच्या आसपास ते जवळजवळ निम्म्यावर येते. बॉनेटखाली हे तापमान दुर्मीळ नाही. गाडी थांबवून इंजिन बंद केल्यानंतर, वाहता वारा थांबल्यामुळे, काही काळ उष्णता उलट वाढते. म्हणून बॉनेटखालच्या भागासाठी आम्ही आत टेफ्लॉन आणि बाहेर स्टेनलेसच्या तारांची वीण असलेली नळी घेतली. डिकीतल्या टाकीपासून पुढे येणारा लांबचा भाग गाडीच्या तळाखालून, थंड बाजूने जातो. तेथे नायलॉन पुरेसे आहे. ती नळी एक्झॉस्टपासून दूर ठेवणे आणि हातभर अंतरावर क्लिपने बांधणे, एवढी काळजी मात्र हवी. सगळीकडे सर्वांत महाग नळी घालणे मला पटत नाही. तो विचाराचा आळस आहे.

मग व्यासाचा प्रश्न आला. अमेरिकेतून आलेले फिटिंग पाव इंचाच्या नळीसाठी होते. येथील दुकानांत सहजी मिळते ती सहा मिलिमीटरची. पाव इंच म्हणजे 6.35 मिलिमीटर. दोन्ही नळ्या हातात धरल्या तर फरक जाणवत नाही. सहाची नळी पाव इंचाच्या फिटिंगमध्ये घातली तर ती आत जाते, दातांत अडकते, हलके ओढून पाहिले तर सुटतही नाही. पंप चालू झाला की हे साडेतीन दशांश मिलिमीटर आपले अस्तित्व दाखवतात. कधी पहिल्याच दिवशी, कधी उन्हाळ्यात, कधी भर वेगात.

आट्यांची कथा याहून बोधप्रद आहे. इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थने 1841 मध्ये स्क्रूच्या आट्यांचे प्रमाण ठरवले. त्याचा कोन 55 अंशांचा. अमेरिकेत विल्यम सेलर्सने 1864 मध्ये 60 अंशांचा कोन सुचवला. महायुद्धात एका राष्ट्राचे नट दुसऱ्याच्या बोल्टवर बसेनात म्हणून ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांनी 1948 मध्ये साध्या आट्यांपुरता समझोता केला. पाइपांचे आटे त्या समझोत्याबाहेर राहिले. अष्टमांश इंचाच्या अमेरिकन एनपीटी पाइपाला एका इंचात 27 आटे असतात, त्याच मापाच्या ब्रिटिश बीएसपीला 28. आयर्लंडमध्ये बीएसपी चालते. आपल्याकडेही घराघरांतल्या नळांना तेच आहेत. एकाचा निपल दुसऱ्यात फिरवला तर पहिले काही वेढे तो निमूटपणे आत जातो आणि नंतर घट्ट होतो. हा घट्टपणा फसवा असतो. अनुभव नसलेल्या हाताला वाटते, उत्तम बसले. प्रत्यक्षात दोन वेगळ्या कोनांचे आटे एकमेकांना चिरडत असतात.

उद्यमनगरातले आमचे मिस्त्री कोणताही सांधा आधी बोटांनी फिरवून पाहायला लावत. “बोटाला जे पटत नाही ते पान्याला पटवू नकोस,” असे ते म्हणत. त्यांच्याकडे आटे मोजण्याचे गेज होते, आणि संशय आला की ते गेज लावूनच पुढे जात. बळ वापरण्याआधी जुळणी तपासावी, ही शिस्त मला पुढे कोणत्याही पुस्तकाने त्यांच्याइतकी स्पष्ट शिकवली नाही. त्या तरुणाने गेज विकत घेतले. त्याची किंमत एका चांगल्या फिटिंगएवढीसुद्धा नव्हती.

काही बारीक गोष्टी भराभर सांगतो. नळी ब्लेडने तिरपी न कापता कटरने काटकोनात कापावी. एकदा फिटिंगमधून काढलेल्या नळीच्या टोकावर दातांचे ओरखडे पडतात. ते टोक कापून टाकल्याशिवाय नळी पुन्हा वापरू नये. टेफ्लॉन टेप पहिल्या आट्यापासून गुंडाळू नये, कारण तिचा सुटलेला एक तंतू नोझल बंद करण्यास पुरेसा असतो. आणि वीण असलेल्या नळीचे एएन फिटिंग, जे मुळात अमेरिकी सैन्य आणि नौदलाच्या विमानांसाठी प्रमाणित झाले, त्याला टेप लावूच नये. ते आट्यांवर द्रव अडवत नाही, 37 अंशांच्या शंकूवर अडवते. नोझलजवळ एकदिशा झडप हवी. ती नसेल तर इंजिन मंद गतीवर असताना आतल्या निर्वातामुळे टाकीतला द्रव विनाकारण ओढला जातो आणि गाडी उभी असताना थेंबाथेंबाने सिलिंडरमध्ये साचू शकतो.

हे सारे वाचताना वाचकांच्या मनात प्रश्न येईल की एका तरुणाच्या हौसेसाठी एवढा काथ्याकूट कशाला. गळती झाली तर काय होते, ते पाहिले की उत्तर मिळते. पहिली हानी इंजिनाची. द्रव येणारच या गृहीतावर ठिणगीची वेळ बदललेली असते. द्रव थांबला की काही क्षणांत नॉकिंग सुरू होते. म्हणून प्रवाह घटल्यास टर्बोचा दाब आपोआप उतरवणारी सुरक्षाव्यवस्था हवीच. जनरल मोटर्सच्या ओल्ड्समोबिल जेटफायर या 1962 च्या गाडीत ती होती. पाणी-मिथेनॉलचे मिश्रण तिच्यात कारखान्यातूनच येत असे. टाकी रिकामी झाली की एक झडप दाब मर्यादित करी. निर्मात्याने आपले काम नीट केले होते. मालक टाकी भरायला विसरू लागले आणि गाडीत जोर नाही अशा तक्रारी करू लागले. अखेर कंपनीने पुष्कळ गाड्यांमधून टर्बोच काढून साधे कार्ब्युरेटर बसवून दिले. दोन वर्षांत ती गाडी बंद झाली. शक्ती सर्वांना हवी होती. तिच्यासोबत आलेले नित्यकर्म मात्र फार थोड्यांनी स्वीकारले.

दुसरी हानी माणसाची. शुद्ध मिथेनॉल सुमारे 11 अंश सेल्सियसलाच पेट घेण्याजोगी वाफ सोडते, आणि दिवसाच्या उजेडात त्याची ज्वाला जवळजवळ दिसत नाही. 1981 च्या इंडियानापोलिस 500 शर्यतीत रिक मिअर्स इंधन भरण्यासाठी थांबला असताना नळी गाडीला जोडली जाण्यापूर्वीच तिच्यातून मिथेनॉल उसळले आणि पेटले. तो आणि त्याचे सहकारी अंगावर काहीही दिसत नसताना जळत होते, आणि मदतीला येणाऱ्यांना आग कोठे आहे हेच उमगत नव्हते. मिअर्स बचावला, चेहऱ्यावर शस्त्रक्रिया झाल्यावर पुढे ती शर्यत आणखी तीनदा जिंकला. त्या आगीचे मूळ इंजिनात नव्हते, एका जोडणीत होते.

महाराष्ट्राला मिथेनॉलची ओळख मोटारींतून झालेली नाही. 2004 मध्ये विक्रोळीत आणि जून 2015 मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने जे बळी घेतले, ते मिथेनॉलचे बळी होते. मालवणीत शंभराहून अधिक माणसे गेली. शरीरात त्याचे फॉर्मिक आम्ल होते आणि ते प्रथम दृष्टीच्या मज्जातंतूवर आघात करते. थोडेसे द्रव्य अंधत्वास पुरेसे असते. ते त्वचेतूनही शोषले जाते, म्हणून टाकी भरताना हातमोजे हवेत. युरोपातही स्वस्त मद्य म्हणून काच धुण्याचे द्रव पिऊन माणसे मरत होती. पोलंडच्या प्रस्तावावरून युरोपीय संघाने मे 2019 पासून सामान्य ग्राहकांना विकल्या जाणाऱ्या अशा द्रवांत 0.6 टक्के वा अधिक मिथेनॉल ठेवण्यास बंदी घातली. अमेरिकेतले हौशी लोक काच धुण्याचे निळे द्रव सरळ या टाकीत ओततात. येथे ते शक्य नाही आणि ते योग्यच आहे. दारिद्र्याने एका टोकाला ज्या द्रव्याने प्राण घेतले तेच दुसऱ्या टोकाला समृद्धीचे खेळणे व्हावे, हा विरोध मला अस्वस्थ करतो. त्यावर माझ्याजवळ उपाय नाही. टाकीवर तिच्यात काय आहे ते ठळक अक्षरांत लिहावे आणि उरलेला डबा कुलपात ठेवावा, एवढे मात्र आपल्या हातात आहे. उद्या अपघात झाला तर अग्निशामक दलाच्या माणसाला, किंवा गॅरेजमध्ये पाना हातात घेतलेल्या अनोळखी मेकॅनिकला, ती अक्षरे वाचावी लागतील.

येथे हौसेचे रूपांतर कर्तव्यात होते. घरातला पंखा वेडावाकडा दुरुस्त केला तर त्रास घरच्यांना. मोटार सार्वजनिक रस्त्यावर धावते. स्वोर्ड्सच्या शेजारून जाणाऱ्या एम-1 महामार्गावर 120 किलोमीटरच्या वेगाने जाताना आपल्या मागे कोण आहे, त्याच्या गाडीत मागच्या आसनावर कोण झोपले आहे, हे आपल्याला ठाऊक नसते. आयर्लंडमध्ये 2000 सालापासून चार वर्षांहून जुन्या मोटारींची सक्तीची तपासणी होते. ती ब्रेक पाहते, दिवे पाहते, धूर मोजते. ओ-रिंग कोणत्या रबराची आहे हे ती विचारणार नाही. राज्याची नजर जेथे संपते तेथून पुढे केवळ बसवणाऱ्याची सदसद्विवेकबुद्धी उरते, आणि प्रत्येक व्यवसायात असा एक प्रदेश असतोच.

काळाचा विचार या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. चुकीची नळी बसवल्या दिवशी गळत नाही. पहिले महिने ती योग्य नळीसारखीच वागते. रबर फुगते, कडक होते, तडकते ते सावकाश, आणि तोवर बसवणाऱ्याचे लक्ष दुसरीकडे गेलेले असते. विमानांच्या क्षेत्रात म्हणूनच रबराच्या नळीवर ती केव्हा तयार झाली ते छापतात. तिला वय असते आणि वय झाले की ती निर्दोष दिसत असली तरी काढतात. आमच्या घरावरून दिवसभर विमाने जातात, आणि त्यांतल्या प्रवाशांची सुरक्षितता अंशतः अशाच निर्मम नोंदींवर उभी आहे. वस्तू बिघडण्याची वाट न पाहता तिला निवृत्त करणे कंजूष मनाला अपव्यय वाटतो. मला तो दूरदृष्टीचा सर्वांत स्वस्त प्रकार वाटतो.

वाचकहो, आपल्या घरातल्या तरुणाने अशी हौस धरली तर त्याला अडवावे असे मी म्हणणार नाही. हाताने काम करण्याची आवड हल्लीच्या काळात दुर्मीळ आहे आणि ती जपावी. मात्र किती अश्वशक्ती वाढली हे विचारण्याआधी ओ-रिंग कशाची आहे, आटे कोणते आहेत आणि नळी पुन्हा कधी बदलायची आहे, हे विचारावे.

आमच्या या तरुणाने नळ्या बदलण्याची तारीख गाडीच्या सर्व्हिस वहीत लिहून ठेवली आहे. यंत्रणा बसवल्याचे त्याने विमा कंपनीलाही कळवले. हप्ता वाढला, आणि तो भरतो आहे.